आधी पाणी, मग कॅटलॉग

लोणारात माझं सॅनिटरी आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. सुरुवात पाइप, एल्बो आणि सोल्युशनच्या डब्यांपासून झाली. आता निम्मी भिंत डिझायनर मालाची आहे: काळे मॅट नळ, छताला लावायचे चौकोनी शॉवर, भिंतीत गाडायचे डायव्हर्टर, काचेच्या दर्शनी भागाचे गिझर. गच्चीवरचे सोलर हीटरही विकतो. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं येतं, घर बांधणारं कुटुंब आणि त्यांच्याकडे काम करणारे मिस्तरी. एकाच डब्याकडे दोघं बघतात, पण वेगवेगळ्या काळजीनं. या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे.

१. कॅटलॉग उघडण्याआधी पाणी कुठलं ते विचारा.

बोअरचं, विहिरीचं, नळयोजनेचं की टँकरचं? माझ्या दुकानात पहिला प्रश्न हाच असतो. बाहेरगावचे विक्रेते इथे येऊन लगेच सरोवराचं नाव घेतात. त्यांना वाटतं, सरोवर खारं आहे तर सगळ्या गावाचं पाणी तसंच असणार. तसं नाही. सरोवरात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही आणि ऊन ते उडवून नेतं, म्हणून मागे सोडा आणि मीठ साचत गेलं. त्यामुळे ते पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. पण सरोवर ज्या विवरात आहे, त्याच्याच कडेला धार नावाच्या ठिकाणी गोमुखातून पडणारं पाणी गोड आहे, लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या आंघोळ करत आले आहेत. बोअरचं दुखणं तिसरंच. काळ्या कातळाच्या भेगांतून येताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. हे पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि गिझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांत, नळाच्या जाळीत बसतो.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. बरेच जण पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवतात आणि आकडा बघून जडपणा सांगतात. ते मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच एकत्र धरतं, जडपणा वेगळा दाखवत नाही. त्यासाठी थेंब मोजायचं किट किंवा रंग बदलणारी पट्टी लागते, आणि ती महाग नाही. किट हाताशी नसेल तर घरातल्या बाईला विचारावं, "ताई, तुरीची डाळ लवकर शिजते का? साबणाला फेस येतो का?" इतकं खात्रीचं उत्तर दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही.

२. शोरूममधलं प्रेशर घरी येत नाही.

मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये शॉवर पावसासारखा कोसळतो, कारण मागे पंप चालू असतो. गिऱ्हाईक ते पाहून येतं आणि तोच शॉवर मागतं. हिशेब साधा आहे. दहा मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट उंचीवरून पाणी आलं तर एक बार दाब मिळतो. आपल्याकडचं एकमजली घर घ्या. स्लॅब दहा फुटांवर, त्यावर चार फुटांच्या स्टँडवर टाकी. शॉवर सात फुटांवर. म्हणजे शॉवरला मिळते जेमतेम सात फुटांची उंची, ०.२ बार. छताचे बरेचसे मोठे शॉवर नीट चालायला एक बारच्या आसपास दाब मागतात. तो शॉवर या घरात लावला तर मधल्या चार भोकांतून धार गळेल आणि बाकीचा पत्रा कोरडा राहील.

दुकानाच्या गच्चीवर मी चार फुटांच्या स्टँडवर एक टाकी ठेवली आहे आणि खाली तीन शॉवर जोडले आहेत, पंपाशिवाय. गिऱ्हाईकानं स्वतः कॉक फिरवायचा. किनगाव जट्टूकडची एक आजी सुनेबरोबर आली होती. मोठ्या शॉवरखाली हात धरून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, याच्यापेक्षा आमची बादली बरी." मग तिनंच पाच इंची साधा शॉवर निवडला. त्यातून पाणी अंगभर येत होतं. ज्यांना मोठाच हवा असतो त्यांना प्रेशर पंपाची किंमत, त्याचा आवाज आणि वीज गेल्यावर काय होईल, हे सगळं आधी सांगतो. तरीही घेतात ते समजून घेतात, आणि असं गिऱ्हाईक पुन्हा येतं.

३. मिस्तरींना डबा उघडून दाखवा.

घरमालकाला नळ कसा दिसतो याची काळजी. मिस्तरींना काळजी ही, की तो गळाला तर सकाळी सहाला फोन कुणाला येणार. त्यांनाच येणार. म्हणून नवीन माल आला की मी मिस्तरींना चहाला बोलावतो आणि डायव्हर्टर टेबलावर खोलतो. कार्ट्रिज कुठलं, ते पुढून निघतं की टाइल फोडावी लागते, रबरी वायसर बाजारात मिळतात का? कन्सील, म्हणजे भिंतीत गाडायच्या वस्तूत हे तीन प्रश्न फार मोठे आहेत. ज्या कंपनीचं कार्ट्रिज मला सुटं मिळत नाही, तिचा भिंतीतला माल मी ठेवत नाही, मग तो कितीही देखणा असो. पितळ की जस्ताचं ओतकाम, हेही मिस्तरी हातात घेऊन वजनावरूनच सांगतात. त्या हातांवर विश्वास ठेवावा.

डब्यातलं कूपन मिस्तरींचं. ते स्कॅन करून जे पॉइंट मिळतात, ती त्यांच्या मेहनतीची कंपनीनं उघडपणे दिलेली पावती आहे, दुकानदारानं त्यात हात घालू नये. पण मालकाच्या बिलात गुपचूप टक्का चढवून तो मिस्तरींना देणं मला मान्य नाही. मी ते करत नाही आणि करू देत नाही. यामुळे काही जण दुसऱ्या दुकानात जातात. जे राहतात ते गिऱ्हाईकाला घेऊन येतात आणि समोर बसून भाव करतात.

मालकासमोर मिस्तरींची चूक काढू नका. "मिस्तरी, इथं रिड्यूसर टाकला तर बरं पडेल का?" असं विचारलं की काम होतं.

४. देखणेपणाला नाही म्हणू नका, पण त्याची निगा सांगा.

काळा मॅट नळ सुंदर दिसतो, मलाही आवडतो. पण जड पाण्याचा थेंब त्यावर वाळला की पांढरा डाग उठतो, आणि काळ्यावर तो दुरूनही दिसतो. क्रोमवर तोच डाग कमी जाणवतो. बोअरचं पाणी असेल तर काळा नळ पाहुण्यांच्या बेसिनला लावा आणि रोजच्या बाथरूमला क्रोम, असं मी सुचवतो. डाग काढायला लिंबू किंवा पांढरा व्हिनेगर लावून, थोडा वेळ ठेवून धुवावं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड नळावर पडलं की लेपच उडतो, हे प्रत्येक बिलाबरोबर तोंडी सांगायचं.

एका शिक्षक दांपत्याचा मुलगा जर्मनीत आहे. त्याच्या घरातल्या बाथरूमचा फोटो घेऊन सर आणि बाई दुकानात आले. भिंतीवर चकचकीत शिडीसारखा रेडिएटर, त्यावर टॉवेल. "हेच पाहिजे," बाई म्हणाल्या. थंड देशांत बॉयलरमधलं गरम पाणी अशा रेडिएटरमधून घरभर फिरवतात, त्यानं खोली उबदार राहते आणि टॉवेलही वाळतो. आता तिकडे हे रेडिएटर शोभेची वस्तू म्हणूनही विकले जातात. विजेवर चालणारी टॉवेल-शिडी इथेही मागवता येते. मी त्यांना विचारलं, बाथरूममध्ये खिडकी केवढी आहे? फूटभर होती, तीही पाठीमागच्या भिंतीला चिकटलेली. त्यांना थंडी वाजत होती ती डिसेंबरच्या पहाटे आंघोळीच्या वेळी, आणि टॉवेल कुबट होत होता तो हवा खेळत नसल्यानं. आम्ही खिडकी वाढवली, एक्झॉस्ट पंखा बसवला आणि गच्चीवर सोलर घेतला. शिडीचा विषय बाईंनीच सोडला. विक्री मोठी झाली की छोटी, हे मी मोजलं नाही. त्यांची गरज भागली.

५. सोलर हीटर विकायचा तर स्लॅब पडायच्या आधी.

आपल्याकडे पूर्वी तांब्याचा बंब पेटायचा, तुराट्या-पऱ्हाट्यांवर. आता शेतातला काडीकचरा कमी आणि वेळही कमी, म्हणून सोलर. ऊन भरपूर आहे. लोणार २० अंश अक्षांशाजवळ आहे, त्यामुळे नळ्यांचं तोंड दक्षिणेला आणि हिवाळ्यासाठी उतार अक्षांशापेक्षा थोडा जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर हीटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, विजेच्या गिझरवर तो १८ टक्केच आहे. हे सगळं ठीक. अडचण टाकीच्या उंचीची होते. साध्या, बिनपंपाच्या सोलरला पाणी थंड टाकीतून आपोआप यावं लागतं, म्हणून थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. थंड टाकीचा चौथरा दोन फुटांचाच बांधून झाला असेल, तर नंतर लोखंडी स्टँडचा खर्च वाढतो. हवा जायचा पाइप थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यायचा आणि त्याचं तोंड कधीच बंद करायचं नाही. थंड लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. सोलरजवळचा गरम पाइप साधा पीव्हीसी चालणार नाही, तो वाकतो.

जड पाणी असेल तर मी काचेच्या नळ्यांचा सोलर देतो. तांब्याच्या बारीक पाइपांचं पॅनेल चुन्यानं बुजतं आणि मग खोलणं अवघड असतं. नळ्यांत चुना तळाला बसतो, वर्षातून एकदा काढून धुता येतो. गारपिटीत किंवा वानरांच्या उडीनं एखादी नळी फुटली, तरी तेवढीच बदलता येते.

आता या भागातलं खरं संकट सांगतो, जे कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं. एप्रिल-मे महिन्यांत पाणी संपतं. टाकी रिकामी, सोलर रिकामा, नळ्या कोरड्या पडून उन्हात भाजत असतात. टँकर दुपारी एक वाजता येतो. घरचे आनंदानं टाकी भरतात, थंड पाणी थेट तापलेल्या काचेत उतरतं आणि नळ्या तडकतात. उपाय एकच. सोलरच्या थंड लाइनला वेगळा बॉल व्हॉल्व्ह बसवायचा, पाणी संपलं की तो बंद करायचा, आणि टँकर कधीही आला तरी तो दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत उघडायचा. मी त्या व्हॉल्व्हच्या दांड्याला लाल रंग लावूनच देतो. मिस्तरींनाही सांगतो, हा व्हॉल्व्ह शिडी न लावता हाताला येईल असा ठेवा, कारण पहाटे तो फिरवणार घरातली म्हातारी माणसं किंवा शाळकरी पोरं.

६. गिझरचा आकडा घरच्या विजेशी जुळवा.

२५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण १.१६ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटच्या गिझरला पाऊण तास सोडा, पस्तीस मिनिटं पुरतात, पण व्होल्टेज पूर्ण असेल तेव्हा. वस्तीवर सकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की तीन किलोवॅटचा गिझर दोनलाही पोचत नाही, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानं उतरते. म्हणून अशा घरी तीन लिटरचा झटपट गिझर देऊ नये. पूर्ण व्होल्टेजवरही मिनिटाला तीन लिटर पाणी तो जेमतेम १४ अंशांनी तापवतो. टाकीचा गिझर घ्यावा आणि थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवावा, म्हणजे चुनाही हळू बसतो. आतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षाला तपासावा. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. वॉरंटी कार्डावरच्या पाण्याबद्दलच्या अटी मी गिऱ्हाईकासमोर मोठ्यानं वाचतो.

७. उधारी सोयाबीनच्या तारखेवर ठरवा.

शेतकऱ्याचं बांधकाम सोयाबीन विकलं की वेग घेतं आणि तुरीवर पुरं होतं. भाव पडले तर काम थांबतं. त्याला तगादा लावू नये. सामान टप्प्याटप्प्यानं द्यावं: आधी भिंतीतलं, वरचं चकचकीत शेवटी.

८. टाइल लावायच्या आधी फोटो.

पाइप झिरीत बसले, हातपंपानं दाब देऊन तपासले, की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, मोजपट्टी भिंतीला लावूनच. डायव्हर्टरची बॉडी टाइलच्या जाडीसकट किती आत बसली आहे, तेही त्यात दिसलं पाहिजे, नाहीतर वरची पट्टी बसत नाही. तो फोटो घरमालकांच्या मोबाइलवर, मिस्तरींच्या मोबाइलवर आणि माझ्याकडे वहीतल्या बिल नंबरावर. मेहकर रस्त्यावरच्या एका लॉजच्या मालकांना आरसा टांगायचा होता. ड्रिल हातात घेण्याआधी त्यांनी फोटो उघडला, गरम लाइन आरशाच्या मधोमध जात होती, आणि त्यांनी खिळा चार इंच डावीकडे घेतला.