एकच संसर्ग, निरनिराळी शरीरे
आरोग्यशिक्षण : वरच्या इयत्तांसाठी पाठटिपण

उद्देश.— संसर्ग एकच असूनही त्याचा परिणाम सर्वांवर सारखा का होत नाही, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे. तसेच आजाराचा दोष कोणाच्याही माथी मारू नये, हा विचार त्यांच्या मनात रुजविणे.

विषयप्रवेश.— जिल्ह्यातील कित्येक खेड्यांतील मुलांचे काका-मामा नोकरीधंद्यानिमित्त ठाणे शहरातील वर्तकनगरसारख्या दाट वस्तीत राहतात. अशाच एका बिऱ्हाडाची कल्पना शिक्षकांनी वर्गापुढे उभी करावी. सन २०२० मधील टाळेबंदीचा काळ; दोन खोल्यांत चार माणसे. घरात करोनाचा संसर्ग शिरतो. वडिलांना चार दिवस ताप येतो, आईला वास येईनासा होतो, मुलीला काहीच होत नाही आणि मधुमेही आजोबांना इस्पितळात प्राणवायू लावावा लागतो. घर एक, अन्न एक, विषाणूही एक. मग असे का व्हावे? मुलांना प्रथम उत्तरे देऊ द्यावीत.

विवेचन.— शरीराचे रक्षण गावाच्या रक्षणासारखे असते. चोर वेशीशी येताच जागल्याने हाळी दिली, तर तो तेथेच अडविला जातो. विषाणू शिरलेल्या पेशीही इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. ही पहिली फळी होय. दुसरी फळी तयार होण्यास काही दिवस लागतात. तीत विशिष्ट विषाणूस ओळखून त्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आणि बाधित पेशींचा नाश करणाऱ्या टी पेशी असतात.

मुलांच्या नाकाघशातील पहिली फळी बहुधा लवकर जागी होते. वार्धक्य व मधुमेह यांमुळे प्रतिकाराचा मेळ बिघडतो. आनुवंशिक भेदही असतात. गंभीर फुप्फुसदाह झालेल्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे असल्याचे २०२० साली आढळले. म्हणजे जागल्याचे तोंड घरच्यांनीच बांधलेले!

हाळी उशिरा झाली म्हणजे जमाव काळोखात काठ्या चालवितो आणि घरच्यांनाच मार बसतो. तीव्र करोनात फुप्फुसांची हानी काही अंशी अशा बेफाम प्रतिकारानेही होते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत प्रतिकार शमविणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी’ हा समज अपुरा आहे. प्रतिकार वेळेवर व बेताचा हवा.

लस म्हणजे चोराचे वर्णन गावाला आधीच कळविणे. भारतात १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड ही त्या वेळची एक लस.

नकळत झालेला संसर्ग.— जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांतील पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के व इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. नोंदलेल्या रुग्णांच्या मानाने हे प्रमाण पुष्कळच मोठे होते. अर्थात असंख्य लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे कळलेही नव्हते. म्हणून एखादा मनुष्य काढा घेऊन बरा झाला, एवढ्यावरून काढ्यानेच तो वाचला, असे ठरत नाही.

शिक्षकांस सूचना.— या पाठात एक नाजूक जागा आहे. ‘माझ्यामुळे आजोबा गेले’ असे शल्य एखाद्या मुलाच्या मनात असू शकेल. कोणाच्या घरी काय घडले, हे वर्गात विचारू नये. विषाणू कोणाकडून आला हे बहुधा निश्चित सांगता येत नाही, आणि कोणाचे शरीर कसा प्रतिकार करील हे कोणाच्या हाती नसते, हे शांतपणे सांगावे. वाचला तो पुण्यवान व गेला तो दुबळा, असे कोणी म्हटल्यास ते तेथल्या तेथे दुरुस्त करावे. स्वतःला त्रास नसतानाही आजारपणात तोंड झाकणे व हात धुणे, हे घरातील वृद्धांसाठी असते, हेही सांगावे.

प्रश्न.— (१) वर्तकनगरच्या बिऱ्हाडातील मुलीला त्रास झाला नाही. तरीही तिने काळजी का घ्यावी? (२) प्रतिकार उशिरा झाल्यास काय अनर्थ होतो? (३) लस दुसऱ्या फळीस कशी मदत करते?