हातावरचे थेंब आणि फाइलमधली यादी

मागच्या महिन्यात सहा वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला तो शर्टाच्या बाह्या मुठीत घट्ट धरूनच. बसायच्या आधी त्यानं विचारलं, "डॉक्टरकाका, रक्त काढणार?" आईच्या हातात फाइल होती. दीड वर्षापूर्वी एका लॅबमधून ॲलर्जीचं ‘पॅकेज’ करून घेतलेलं. नव्वदेक नावांची यादी, त्यातल्या चौदांपुढे लाल खूण. तेव्हापासून त्याला दूध, गहू, वांगं आणि शेंगदाणा बंद. शिंका मात्र चालूच.

फाइल बाजूला ठेवून मी विचारलं, शिंका कधी येतात? सकाळी, अंथरुणात असतानाच. आजोळी गेल्यावर? आई जरा थांबली. "तिकडे नाही येत हो फारशा." आणि शेंगदाण्यानं काय झालं होतं? काहीच नाही. साबुदाण्याची खिचडी तो वाटी वाटी खायचा. दूध, पोळी, वांग्याची भाजीही. रिपोर्ट आला आणि सगळंच ताटातून गेलं.

ॲलर्जीची निम्मीअधिक तपासणी अशी सुईशिवाय होते. काय खाल्लं, किती वेळानं त्रास झाला, दर वेळी होतो का, हे आईवडिलांना कुठल्याही मशीनपेक्षा जास्त ठाऊक असतं. रिपोर्टमधली लाल खूण एवढंच सांगते की त्या पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं सापडली. ती असूनही तोच पदार्थ मजेत खाणारी मुलं पुष्कळ असतात. आकडा मोठा असला तर ॲलर्जी असण्याची शक्यता वाढते, पण झटका किती जोराचा येईल हे त्यावरून कळत नाही. आणि आयजीई सोडून आयजीजी ही वेगळीच प्रतिपिंडं मोजून ‘हे खाऊ नका’ सांगणाऱ्या चाचण्या कोणी सुचवल्या, तर ते पैसे मुलाच्या फळांवर खर्च करा.

पथ्यानं कुणाचं काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं. मुलांचं बिघडतं. प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं हे एक. दुसरं म्हणजे, इसब असलेल्या मुलाचा सवयीचा पदार्थ बराच काळ तोडला, तर कधी कधी नसलेली ॲलर्जी तयार होते. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ही वर्षाच्या आतली बाळं. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांचा टाळला. पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं तर शेंगदाणा दिलेल्या गटात त्याची ॲलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी! दाण्याचं कूट आमटीपासून कोशिंबिरीपर्यंत घालणाऱ्या आपल्या घरांना हे वाचून बरं वाटायला हरकत नाही. (बाळाला कूट किंवा पातळ पेस्टच, अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

आता सुईचं. मुलांसाठी मला सर्वांत सोयीची वाटते ती थेंबांची चाचणी. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला, अगदी तान्हं असेल तर पाठीवर, पेनानं खुणा करायच्या. प्रत्येक खुणेशी एकेका घटकाचा थेंब. त्या थेंबातून बारीक टोकानं त्वचेचा वरचा थर नुसता टोचायचा. रक्त येत नाही. १५ ते २० मिनिटांनी बघायचं, डास चावल्यासारखी गांधी कुठे उठली. सोबत एक थेंब सलाइनचा आणि एक हिस्टामिनचा असतो. सलाइनपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांधी धरायची. हिस्टामिनच्या थेंबालाही उठली नाही, तर अंगात ॲलर्जीच्या औषधाचा अंमल बाकी आहे, चाचणी वाया. म्हणून सेटिरिझिनसारख्या गोळ्या-सिरप ५ ते ७ दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, बंद करावे लागतात. सर्दीखोकल्याच्या सिरपमध्येही अशी औषधं लपलेली असतात, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. दम्याचा पंप मात्र थांबवायचा नाही.

औषध थांबवता येत नसेल किंवा अंगभर इसब असेल तर रक्त तपासावं, पण संशय असलेल्या मोजक्याच घटकांसाठी. तासभर आधी बधिर करणारं मलम लावता येतं. ते मागून घ्या, लाजू नका.

मुलांना "अजिबात दुखणार नाही" असं कृपया सांगू नका. "टोचेल, मग खाजेल, वीस मिनिटं खाजवायचं नाही," हे खरं सांगितलेलं त्यांना चालतं. "मस्ती केलीस तर डॉक्टर सुई देतील" हे वाक्य माझ्या वेटिंगमध्ये रोज ऐकू येतं आणि त्याची किंमत आत मी मोजतो. अर्थात मीही साव नाही. उमेदीच्या काळात मुलांना आडवं पाडून, दोन नर्सना हातपाय धरायला लावून मी रक्त काढलं आहे. आता मूल आईच्या मांडीवर, तिला टेकून बसतं आणि साबणाचे फुगे उडवतं. या मुलानं आधी माझ्या टेबलावरच्या अस्वलाची ‘चाचणी’ केली, मग बाही स्वतः वर केली. हिस्टामिनचा सोडला तर आठ थेंबांपैकी एकाला गांधी उठली, ती त्यानंच पट्टीनं मोजली. ७ मिलिमीटर. घरातल्या धुळीतला माइट नावाचा जीव, डोळ्यांना न दिसणारा, गादी-उशीत राहणारा.

मग उपचार गादीपासून. पलंगपोस, उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात. कापडी खेळणी कमी. गोधड्या उन्हात घाला, झटकताना मूल तिथे नको, दिवाळीत माळा आवरतानाही नको. नाकातला स्प्रे मान किंचित खाली घालून, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे न वळवता कानाच्या दिशेनं. एवढ्यानं भागलं नाही तर शरीराला त्या घटकाची सवय लावणाऱ्या, जिभेखालच्या थेंबांचा मार्ग आहे: रोज, निदान तीन वर्षं, पहिला डोस दवाखान्यात. चिकाटी नसेल तर सुरूच करू नका.

शेंगदाणा? परत सुरू. पण दीड वर्षाचा खंड पडलेला, म्हणून पहिले घास माझ्यासमोर, थोडे थोडे वाढवत, नंतर दोन तास दवाखान्यातच. खंड पडलेल्या किंवा संशयाच्या पदार्थाची परीक्षा घरी घ्यायची नसते.

एक गोष्ट मात्र खरोखर घाईची. अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी लावतो. नुसत्या गांधी असतील तर लावा बापडे. पण सोबत आवाज घोगरा झाला, धाप लागली, उलट्या होऊ लागल्या किंवा मूल एकदम मलूल झालं, तर ते पित्त नव्हे. त्यावर पहिलं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. सिरप पाजत वेळ घालवू नका. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसू द्या, चालवू नका, १०८ ला फोन लावा. असा झटका एकदा येऊन गेला असेल तर इंजेक्शन जवळ ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला आणि पदार्थाचं नाव, लक्षणं, तुमचा नंबर वर्गशिक्षिकेला लिहून द्या. मधल्या सुट्टीत डबे वाटून खाल्ले जातात, आणि ते तुमच्या सांगण्यानं थांबणार नाही.