जॅक क्लेचा डाकोटा आणि आमचा

गॅविन लायलची ‘द राँग साइड ऑफ द स्काय’ ही कादंबरी १९६१ सालची. मला ती १९७४मध्ये मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर दीड रुपयाला मिळाली, मुखपृष्ठाशिवाय. तेव्हा मी हवाई दलात इंजिन फिटर होतो आणि हाताखाली डाकोटा होते. कादंबरीतला जॅक क्लेही ग्रीसमध्ये भाड्याचा डाकोटा उडवतो. पाच-सहा वाचनं झाली. काही गोष्टी पुस्तकाने शिकवल्या, काही विमानाने. कुठली कोणी, हे आता नीट वेगळं करता येत नाही.

१. चार्टर वैमानिक म्हणजे हवेतला ट्रकवाला. मिळेल तो माल, मिळेल ते भाडं, आणि परतीचं भाडं मिळालं नाही तर पेट्रोल खिशातून. क्लेच्या साहसाची सुरुवात शौर्यातून होत नाही, तंगीतून होते. म्हणूनच मला तो पहिल्या पानापासून खरा वाटला.

२. डाकोटाचं शेपटीचं चाक छोटं. जमिनीवर विमान नाक वर करून बसतं, आत शिरलं की कॉकपिटपर्यंत चढावर चालावं लागतं. माल नीट बांधला नाही तर तो शेपटीकडेच सरकणार. एकदा पोत्यांचं वजन अंदाजाने लिहून आलं होतं. आमच्या स्क्वॉड्रन लीडर साहेबांनी कागदावर सही केली नाही. खाली उतरले, एक पोतं स्वतः उचलून पाहिलं आणि चार पोती काढायला लावली. आम्ही मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या दिवशी ऊन फार होतं, आणि तापलेल्या पातळ हवेत धावपट्टी अपुरी पडते हे त्यांना ठाऊक होतं. थरारकथांमधले वैमानिक सहसा पोती मोजत नाहीत. लायलचा नायक वजन, पेट्रोल आणि वारा यांचा हिशेब करत असतो, आणि छातीत धडधड होते ती त्या हिशेबानेच.

३. इंजिनातून तेल गळत असेल तर घाबरू नये. गळायचं थांबलं तर घाबरावं, कारण तेल संपलंय. हा फिटर लोकांचा जुना विनोद, पण अर्धा खरा. डाकोटाच्या इंजिनात सात-सात सिलिंडरांच्या दोन गोलाकार रांगा. रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. सकाळी थेट स्टार्टर दाबला तर पिस्टन त्या तेलावर आदळून रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा, पाती मोजत.

४. लेखकाने हात काळे करावेत. लायल १९५१ ते १९५३ ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता, पुढे ‘संडे टाइम्स’मध्ये विमानविषयक लिहायचा. एवढ्यावर त्याचं भागलं नाही. पातेल्यात शिसं वितळवून खरंच गोळी ओतता येते का, हे त्याने घरच्या स्वयंपाकघरात रात्री-रात्री करून पाहिलं. बायको कॅथरिन व्हाइटहॉर्न, स्वतः नावाजलेली पत्रकार. तिने ते पातेलं पुढे कशाला वापरलं असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

५. माहितगार माणूसही कुठेतरी घसरतोच. कथानकात फाळणीच्या वेळी चोरीला गेलेलं जडजवाहीर आहे आणि ते शोधत फिरणारा एक नवाब. कुठला? तुंगभद्रेचा! हंपीवरून वाहणाऱ्या नदीच्या नावाचं संस्थान कधीच नव्हतं. नकाशावर बोट ठेवून नाव उचललं असावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरॅकमध्ये मोठ्याने हसलो होतो. आता चालवून घेतो. चारचौघांत ‘तुंगभद्रा’ म्हणायला किती भारदस्त वाटतं!

६. तरुणपणी मी क्लेच्या बाजूचा होतो. आता केन किटसनबद्दल जास्त विचार करतो. तो क्लेचा लढाईतला दोस्त. एक जुन्या डाकोटात घाम गाळतोय, दुसरा नवाबाची नवीकोरी पिआजिओ उडवतोय. सोबत सुरुवात केलेली माणसं अशी वेगळ्या विमानांत बसलेली मीही पाहिली आहेत. पिआजिओचे पंखे पंखांच्या मागच्या बाजूला असतात, मागून ढकलणारे. तसलं इंजिन उघडून बघायची माझी फार इच्छा होती. आमच्याकडे ते कधी आलं नाही.