प्रतिपालक झालेल्या भाचीस

नंदाखाल, ता. वसई



तुमच्याकडे राहायला आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने, नाक्यावरचा दुकानदार पोरांना गांजा विकतो, असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. ते धादांत खोटं असल्याचं त्याने तुझ्याजवळ कबूलही केलं. "मामा, आता आम्हाला कोर्टात उभं करतील का?" असं तू फोनवर विचारलंस. इतकी वर्षं वसईच्या कोर्टात वकिली केली, म्हणून आधी कायदा सांगतो.

मूल तुमच्या घरात राहतं एवढ्यावरून त्याच्या बोलण्याची भरपाई तुमच्यावर येत नाही. सख्ख्या आईबापांवरही ती येत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड ठेवला आहे. मुलाच्या बदनामीकारक शब्दांसाठी पालकाला असं बांधणारं कलम नाही. पालक अडकतो तो स्वतःच्या वागण्याने. त्यानेच मुलाला तसं लिहायला सांगितलं असेल, किंवा तोच मजकूर स्वतः पुढे पाठवला असेल, तर बदनामीचा गुन्हा त्याचाही ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. म्हणून तो मेसेज "बघा काय लिहिलंय" म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नकोस.

मुलाचं प्रकरण पुढे गेलंच, तर ते बाल न्याय मंडळापुढे जाईल. 2015 च्या बाल न्याय कायद्यात, मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे आणि ज्याला बाल कल्याण समितीने किंवा मंडळाने मान्यता दिली आहे, तोही पालक मानला जातो. त्याच कायद्याच्या कलम 18 नुसार मंडळ मुलाला समज देऊ शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं. मुलाला किंवा पालकाला दंडही भरायला लावू शकतं आणि चांगल्या वर्तणुकीसाठी 3 वर्षांपर्यंतचं बंधपत्र घेऊन त्याला पालकाच्या हवाली करू शकतं. तेव्हा तुम्ही अगदीच बाहेर आहात असं समजू नका.

आता मामा म्हणून सांगतो. खोटं कळलं त्या क्षणापासून तुमची खरी जबाबदारी सुरू झाली. मुलाला घेऊन दुकानदाराकडे जा, त्याला स्वतःच्या तोंडाने माफी मागू दे. ज्या ग्रुपवर खोटं लिहिलं त्याच ग्रुपवर ते खोटं होतं असंही त्यानेच लिहावं. वकिलाची नोटीस आधीच आली असेल, तर मात्र मला विचारल्याशिवाय काही लिहून देऊ नका. बाल कल्याण समितीला आणि पालघरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आजच कळवा. दडवलेली गोष्ट पुढे तुमच्याच विरुद्ध जाते. आणि गावात कुणी विचारलं तरी मुलाची पूर्वीची कहाणी सांगू नका. त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ची मनाई आहे.

अफवा काय करते हे त्याला समजावून सांग. आपल्याच जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला 16 एप्रिल 2020 च्या रात्री चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. अफवा पहिल्यांदा कुणी उठवली हे त्या जमावातल्या कुणी विचारलं नसेल. नंदाखालपासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. इथे एका दुकानदाराचं नाव गेलं की त्याचं गिऱ्हाईक जातं आणि त्याच्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात.

एक लक्षात ठेव. उद्या याच मुलाने कुणी आपल्या अंगाला हात लावला असं सांगितलं, तर "तू आधी खोटं बोललास" म्हणून त्याला गप्प करू नकोस. ऐकून घे आणि पोलिसांना कळव; मदतीला 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहेच. पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलाची तक्रार खोटी निघाली तरी त्याला शिक्षा करू नये, असं त्याच कायद्याचं कलम 22 सांगतं. घाबरलेल्या मुलाने बोलत राहावं यासाठीच ती तरतूद आहे.

आणि या एका खोट्यापायी त्याला परत पाठवायचा विचार मनात आणू नकोस. एकामागून एक घरं सुटलेली मुलं कधी लक्ष वेधायला, कधी भीतीने खोटं बोलतात. खोट्याला थारा देऊ नका, पण मुलाचा आधार काढू नका. उद्या सकाळी दुकान उघडताच त्याच्यासोबत तूही जा.

तुझा,
मामा