आईसाठी सायकल निवडताना : गणिताच्या तासातला एक अनुभव



प्रमाण आणि वर्तुळाचा परीघ हे दोन घटक आठवीत शिकवताना दरवर्षी तीच उदाहरणं घेतो. टाकी, नळ, मजूर, गाडीचं चाक. यंदा मात्र उदाहरण आपल्या पायांनी वर्गात आलं. झालं असं, की पालकसभेनंतर एक ताई थांबल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात सफाईच्या कामाला जातात. घर वर्ध्यात, रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या पलीकडे. म्हणाल्या, "सर, पोरानं गेरची सायकल घेऊन देल्ली जी, पण मले नाही जमत. गुडघे दुखतात. आता विकून दुसरी घ्याव म्हणतो. कोणती घेऊ?"

खरं सांगतो, मला पटकन उत्तर देता आलं नाही. सायकल मीही तीस वर्षं चालवली, पण ती घरात होती म्हणून चालवली. निवडली कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न वर्गासमोर ठेवला. ताईंचा मुलगा वर्गातच आहे, त्यामुळे आधी त्याची परवानगी घेतली. तो थोडा खट्टू होता. पैसे साठवून, हौसेनं घेतलेली सायकल. दुकानदारानं दाखवली ती जाड टायरची, पुढे शॉकअब्सॉर्बर, २१ गेर. पोराचा दोष नाही हो, त्या वयात आपणही तीच घेतली असती.

पहिला प्रश्न पोरांनी विचारला तो असा : एसटीनं का जात नाहीत? प्रश्न बरोबरच होता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे पैशाचा मुद्दा बराच कमी झाला. पण ताईंची ड्युटी सकाळी सातला लागते, कधी दुपारची असते आणि सुटायला रात्र होते. त्या वेळेला बस मिळेलच असं नाही. ऑटो रोजचा परवडत नाही. उशीर झाला की हजेरीत खाडा. म्हणजे सायकल इथे शौक नाही, पगाराचा भाग आहे. हे फळ्यावर लिहिल्यावर वर्ग जरा गंभीर झाला.

मग मी सांगितलं, आधी सायकल बघायची नाही. आधी रस्ता बघायचा. अंतर किती, चढ कुठे, खड्डे कुठे, अंधार किती, पाऊस पडला की काय होतं. मुलग्यानं आईसोबत जाऊन सगळं लिहून आणलं : अंतर जवळपास ९ किलोमीटर, बहुतेक रस्ता डांबरी आणि सपाट, एकच खरा चढ, उड्डाणपुलाचा. घराजवळचा दोनशे पावलांचा तुकडा काळ्या मातीचा. रात्री मधला काही भाग अंधाराचा. कडेला बाभळी, म्हणजे काटे.

या यादीशेजारी जुनी सायकल ठेवली की चूक आपोआप दिसते. जाड, गोट्या-गोट्यांचे टायर मातीच्या डोंगरी वाटेसाठी असतात. डांबरी रस्त्यावर ते घूं-घूं आवाज करतात आणि ताकद खातात. पुढचा स्वस्तातला शॉकअब्सॉर्बर वजन वाढवतो, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की आपला जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरतो. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. साडीवाल्या बाईनं करायचं काय? गेरचं तर ताईंनी आल्या दिवसापासून बटणच दाबलं नव्हतं. एकदा सायकल पडली, मागचा गेरचा दांडा वाकला, तेव्हापासून चेन एकाच गेरवर अडकलेली. आणि तो गेर नेमका जड.

गेर वाईट असतात असं मी म्हणत नाही. आपलं हिंदी विश्वविद्यालय टेकड्यांवर आहे. तिथे रोज सायकलनं जाणाऱ्याला गेरचा उपयोग नक्की होईल. पण ९ किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर एका पुलासाठी २१ गेर, हे पोरांच्याच भाषेत "लय झालं सर".

आता गुडघ्यांकडे. इथे मला वाटतं आपण सगळेच चुकतो. सीट ठरवताना आपण दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात का ते बघतो. तसं केलं की सीट खूप खाली येते, पायडल मारताना गुडघा सारखा दुमडलेला राहतो, आणि भार गुडघ्यावर. सोपी रीत अशी : सीटवर बसा, कोणीतरी सायकल धरा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघा थोडासाच वाकतो. थांबल्यावर चवडे टेकले तरी पुरे. ताईंची सीट दीड इंच वर घेतली, त्या त्रासलेल्या सायकलवरसुद्धा फरक पडला. पण भीतीही वाटली त्यांना. चार दिवस अर्धा-अर्धा इंच करत वर नेली.

गणित सुरू झालं ते दुसऱ्या सायकलपासून. शेजारच्या गल्लीत एक वापरलेली लेडीज फ्रेमची सायकल विकायला होती. मधे आडवा दांडा नाही, पूर्ण चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड. ती शाळेच्या पटांगणात आणली. टायरवर २६ × १ ३/८ लिहिलेलं. एक पोट्टा लगेच म्हणाला, "सर, जुनीचं पण २६ आहे. तिचे टायर हिला लावू, पैसे वाचतील." फार सुंदर चूक! टायरच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो. एकीवर ३७-५९०, दुसरीवर ५४-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दोघींचं नाव २६ इंच, पण व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक. टायर बसणारच नाही. पालकांनो, टायर आणायला जाताना हा दुसरा आकडा लिहून न्या, फेऱ्या वाचतील.

व्यास मिळाला तसा परीघ काढला. ५९० मध्ये दोन्ही बाजूंची टायरची उंची मिळवली, ६६४ मिलिमीटर. त्याला ३.१४ नं गुणलं, २ मीटर ८ सेंटिमीटर आणि थोडं वर. मग जमिनीवर मोजलं. व्हॉल्व्ह खाली आणून खडूची खूण, ताई सीटवर, चाकाचा एक फेरा, परत खूण. आलं २ मीटर ६ सेंटिमीटर. वर्गात गोंधळ. कोण चुकलं? कोणीच नाही. माणूस बसला की टायर खाली दबतो, जमिनीपासून धुऱ्यापर्यंतचं अंतर कमी होतं. पुस्तकातल्या वर्तुळावर कोणी बसत नाही, एवढाच फरक.

पुढच्या चाकीचे दात मोजले ४४, मागच्या फ्रीव्हीलचे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे २.४४ फेरे, सायकल ५ मीटर ४ सेंटिमीटर पुढे. ताईंनी पुलावर चालवून बघितली, आणि अर्ध्यावर उतरल्या. जड होती. सायकल दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी २० दातांचं फ्रीव्हील सुचवलं. बसवायच्या आधी पोरांनी हिशोब केला : ४४ भागिले २० म्हणजे २.२, एका फेऱ्यात ४ मीटर ५३ सेंटिमीटर. जोर दहा टक्के कमी लागेल. एकानं शंका काढली, मग उशीर होणार नाही का? १८ दातांवर मिनिटाला ५५ फेरे मारले तर ९ किलोमीटरला साडेबत्तीस मिनिटं. २० दातांवर, पाय हलका म्हणून ६० फेरे मारले तर तेहतीस. अर्ध्या मिनिटासाठी गुडघे द्यायचे का, हे वर्गानं ठरवलं.

ब्रेकचं मात्र मी हट्टानं करून घेतलं. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या वर. कुत्रं दिसल्यापासून बोट ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी तेवढं अंतर असंच निघून जातं. पटांगणात कोरड्या रिमवर आणि बाटलीभर पाणी ओतलेल्या रिमवर ब्रेक लावून खुणा केल्या. चकचकीत स्टीलची रिम ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं, थांबायला कितीतरी जास्त जागा लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवर पकड बरी राहते. आपल्या या सायकलची रिम स्टीलचीच आहे, ती बदलणं बजेटबाहेर. म्हणून नवे ब्रेक-रबर, आणि पावसात आधी दोनदा हलका ब्रेक दाबून रिम पुसून घ्यायची सवय. पुढचा ब्रेक लावला की पडतो ही समजूतही काढावी लागली. दोन्ही ब्रेक बेताबेतानं एकत्र दाबायचे.

काळ्या मातीचं कोणालाच उत्तर सापडलं नाही. पावसाळ्यात ती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी बसते की चाक फिरेनासं होतं. चाक आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जागा असेल तर थोडं चालतं. नाहीतर दोनशे पावलं सायकल उचलून न्यायची. ताई म्हणाल्या, "तेवढं नेतो जी मी."

१९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार, पुढे ज्याला नयी तालीम म्हटलं, देशापुढे आला. आपण दरवर्षी त्यावर भाषणं ऐकतो. मला तो विचार या वेळी पटांगणात खडूच्या खुणा मोजताना जरा कळला. अर्थात तीन तास गेले, आणि पुढचा धडा मागे पडला तेही खरं.

शेवटी घेतली ती लेडीज सायकलच. जुनी विकून आलेल्या पैशातून सौदा, २० दातांचं फ्रीव्हील, दोन नवीन ट्यूब, ब्रेक-रबर, मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे चार्जिंगचा दिवा एवढं बसलं. कुलूप मुलानं स्वतःच्या पैशातून आणलं. सायकल आईला विचारून घ्यायला पाहिजे होती, हे तोच बोलला, मी नाही.

मे महिन्याचा प्रश्न राहिलाच आहे. पारा ४५ च्या वर असतो तेव्हा दुपारी सुटणाऱ्या ड्युटीला ९ किलोमीटर सायकल चालवणं धोक्याचं. त्या दिवसांत सकाळी सायकल दवाखान्यात लावून ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, नाहीतर तेवढा महिना बसनं जायचं, असं ताईंनी ठरवलंय. पहिल्या आठवड्यात एकदा बाभळीचा काटा घुसलाच. पण २६ × १ ३/८ ची ट्यूब रस्त्यावरच्या पहिल्याच पंक्चरवाल्याकडे होती, आणि त्या सातच्या आत पोचल्या.