रेशमी पतंगाचे दार

सातारा जिल्ह्यातील कोयनेचे अभयारण्य आणि सांगलीच्या पश्चिम टोकाला लागून असलेले चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. येथे येणाऱ्या पाहुण्याची नजर वाघाच्या मागावर असते. परंतु पावसाळ्यातील रात्री याच रानात पंख पसरला तर सुमारे २५ सेंटीमीटर भरणारा अ‍ॅटलास पतंग उडत असतो. त्याच्या पुढील पंखांचे टोक सापाच्या मुखासारखे भासते आणि चारही पंखांवर त्रिकोणी, पारदर्शक खिडक्या असतात. त्या जागी रंगीत खवलेच नसतात.

अशाच खिडक्यांचे पतंग मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आढळतात. त्यांच्या प्रजातीला रॉथशिल्डिया म्हणतात. आपला अ‍ॅटलास आणि ते एकाच कुळातील, वन्य रेशीम विणणाऱ्या पतंगांच्या कुळातील आहेत. मध्ये महासागर पसरला असला तरी जीवनक्रम बहुतांशी सारखाच.

या पतंगांना अन्न घेता येईल असे मुखच नसते. अळी असताना पानांवर जे साठविले, तेवढ्यावरच पतंगाचे आठ-दहा दिवस निभतात. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर पिसांसारख्या मिशांनी तो दुरून टिपतो. हे सारे अंधारात घडते. म्हणून वसतिगृहाच्या व्हरांड्यातील दिव्याभोवती घिरट्या घालण्यात गेलेली एक रात्र म्हणजे त्याच्या आयुष्याचा फार मोठा तुकडा. असा पतंग दिसल्यास दिवा मालवावा, एवढे आपल्याला सहज करता येते.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट मात्र कोषाची आहे. अ‍ॅटलासची अळी पानात कोष विणते. पान गळून पडू नये म्हणून देठ रेशमानेच फांदीला बांधते, आणि वरच्या टोकाशी धागे सैल ठेवते. तेच तिचे दार. तुतीच्या रेशीमकिड्याचा कोष मात्र चहूबाजूंनी बंद असतो. पतंग लाळेने धागे भिजवून वाट काढतो आणि त्यात धागा तुटतो. अखंड धागा सुमारे १,००० मीटर मिळतो, पण त्यासाठी आतील जीव उष्णतेने मारावा लागतो. सातारा-सांगलीतील तुती लावणाऱ्या शेतकऱ्याच्या कोषाचा भाव याच अखंड धाग्यावर ठरतो.

हा प्रश्न आजचा नव्हे. विनयपिटकात आळवी येथील प्रसंग आहे. काही भिक्षूंनी रेशीम करणाऱ्यांकडे जाऊन, आमच्या आसनासाठी आणखी कोष उकळा, अशी मागणी केली. कारागिरांना खंत वाटली : बायकामुलांच्या पोटासाठी आम्ही इतके लहान जीव मारतो, आता यांच्यासाठीही का? त्यावरून रेशीममिश्रित आसन करविणे भिक्षूंना निषिद्ध झाले. लक्षात घेण्यासारखे हे, की बंधन मागणाऱ्यावर आले, पोटासाठी राबणाऱ्या कारागिरावर नव्हे.

दार असलेल्या कोषाचे रेशीम भारतात आहेच. आसामात एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या एरी किड्याचा कोष एका टोकाला उघडा असतो. त्याचा धागा उलगडता येत नाही, तो कापसासारखा कातावा लागतो. मात्र तिकडे कोषातील किडा आवडीने खाल्लाही जातो, तेव्हा दार आहे म्हणून जीव वाचलाच, असे समजू नये. आपल्या विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. तो कोष देठाने फांदीला लटकलेला, अंड्यासारखा टणक आणि बंद. बाहेर पडताना पतंग एक द्रव सोडून धागे मऊ करतो व बाजूला सारतो. अशा फुटक्या कोषांचेही सूत काततात. ते जाडेभरडे असते आणि त्याला वेळ फार लागतो.

रॉथशिल्डियाच्या कोषाचा एक वेगळाच उपयोग वायव्य मेक्सिकोतील याकी लोक करतात. कोषांत बारीक खडे भरून त्यांच्या लांब माळा ओवतात आणि नर्तक त्या घोट्यापासून वर पायांना गुंडाळतात. पाऊल पडले की आपल्याकडील घुंगरांसारखा, पण कोरड्या पानांच्या सळसळीशी जवळचा आवाज उठतो.