हातयंत्राची मोटर का जळते?

इतिहासाच्या शिक्षकाने मोटरविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपले कितीतरी माजी विद्यार्थी पनवेल परिसरातील इमारतींवर फरशी व फॅब्रिकेशनची कामे करतात. ग्राइंडर जळाला की त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

विजेवर चालणारे हातड्रिल १८९५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात तयार झाले. आजच्या हातयंत्रात आर्मेचरच्याच दांड्यावर पंखा बसविलेला असतो. तो मागच्या जाळीतून हवा ओढतो. ती कार्बन ब्रश, आर्मेचर व फील्डला थंड करीत गिअरजवळून बाहेर पडते. अडचण येथेच आहे. यंत्र लोखंडावर दाबले की वेग घटतो आणि विद्युतप्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर वेटोळ्यांतील उष्णता चौपट होते, आणि नेमका त्याच वेळी पंखा मंदावलेला असतो! प्लास्टिकचे कवच विजेच्या धक्क्यापासून वाचविते, पण उष्णता आत कोंडते.

म्हणून चांगला रचनाकार पंख्याभोवती आडपडदा घालतो, म्हणजे बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत शिरत नाही. मुठीने झाकली जाणार नाही अशा जागी तो जाळी ठेवतो. गरम झोत कारागिराच्या तोंडावर येऊ नये, हा विचार मात्र स्वस्त यंत्रांत क्वचितच दिसतो.

जड कामानंतर यंत्र लगेच बंद करू नये. मिनिटभर मोकळे फिरवावे. तेव्हा प्रवाह थोडा आणि पंखा पूर्ण वेगात असतो. जाळीतील धूळ व लोखंडाचा कीस प्लग काढूनच झाडावा.